पाडणारा दांडा

मी एक जुना दांडा आहे, मित्रांनो. परभणीतल्या एका प्रयोगशाळेत टेबलावर बसवलेला, विजेवर गरगर फिरणारा. माझ्या अंगावर पांढरे उंदीर ठेवतात. मी आधी हळू फिरतो, मग जोरात. उंदीर जिवाच्या आकांताने पळतो आणि शेवटी खालच्या पत्र्यावर आपटतो. किती सेकंद टिकला ते वहीत लिहितात. पाडणं हेच माझं काम, त्याची मला लाज वाटते असं उगाच खोटं सांगणार नाही. नवा होतो तेव्हा मोठमोठे साहेब मला बघायला यायचे. आता माझं रबर झिजलं आहे, पट्टा करकरतो, आणि माझ्या जागी नवं यंत्र मागवणारा अर्जही गेला आहे.

काही उंदरांच्या रक्तातच खोट असते, त्यांना मुद्दाम तसं वाढवतात. बापाला असते, म्हणून पिल्लाला येते. भर तारुण्यात ते झोकांड्या खातात, अंग हिसके देतं. अशा कितीकांची नाकं मी फोडली. शेवटी त्यांना मारून मेंदू तपासतात, कारण असला आजार माणसांच्या घराण्यांतही उतरतो आणि त्यावर औषध शोधायचं आहे. अजून सापडलेलं नाही.

माझ्यावर उंदीर ठेवणारी दैवशाला ताडकळस गावची. तिचे वडील धोंडीबा मेंढ्या राखायचे. चाळिशीत त्यांचा तोल जायला लागला. बाजारात लोकांनी दारुडा समजून त्यांना तुडवलं. मग सख्ख्या भावाने, रामहरीने, लंगड्या मेंढीला उपाय म्हणून देतात तसे तापल्या विळ्याने त्यांच्या दोन्ही पायांना डाग दिले. चार माणसांनी धरून ठेवलं होतं. जखमा चिघळल्या आणि धोंडीबा गेले.

यंदा दैवशालाचा भाऊ योगीराज तसाच चालायला लागला, आणि रामहरीने पुन्हा विळा काढला. दैवशालाने प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांची परवानगी घेतली आणि चुलत्याला थेट माझ्यासमोर आणून उभं केलं.

तिने तसलाच एक खोट असलेला उंदीर ठेवला. सातव्या सेकंदाला मी त्याला पाडलं. पुन्हा चढवला, पुन्हा आपटला. तोंडातून रक्त आलं.

"ह्यानं काय दारू पेली हाय का?" रामहरीने विचारलं.

"न्हाई तात्या. ह्याच्या बापाला व्हतं, तेच ह्याला आलंय."

"मंग डाग दिला तर?"

"कातडं जळंल फकस्त. पडायचं न्हाई थांबणार."

रामहरी मटकन खाली बसला. "मंजी धोंडीबाचे पाय म्या उगंच जाळले," तो म्हणाला. "लय वरडला व्हता त्यो."

दैवशालाने दुसरा उंदीर ठेवला. तो डगमगला तसा रामहरी उठला आणि त्याने माझ्याखाली ओंजळ धरली. उंदीर ओंजळीत पडला. असं करायचं नसतं, पण दैवशाला रागावली नाही. वहीतला तो रकाना तिने रिकामा सोडला.

योगीराजला आता चालताना रामहरीच धरतो. विळा गवत कापायला गेला.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला पाडण्यावाचून दुसरं काही येत नाही. तुम्हाला हात आहेत. रस्त्यात कुणी झोकांड्या खाताना दिसला, तर ते हात उगारू नका. आधी त्याला धरा.