खरे रुआन कुठं आहेत?

यिंगसूनं कागदावर शाईनं धुकं भरलं की घरातलं मीठ ओलं व्हायचं आणि मांजर शिंकायचं. खोटं वाटत असेल तर चीनमधल्या सूचौला जाऊन त्या मांजरालाच विचारा!

पण त्या दिवशी कुंचला हातात घ्यायची सोय नव्हती; ती नुसती शाई उगाळत होती. तिचे सासरे रुआन म्हणजे नावाजलेले चित्रकार. तीन वर्षांपासून त्यांचा हात थरथरायचा. तेव्हापासून डोंगर काढायची ही आणि शिक्का उमटायचा त्यांचा. आणि आता जिल्ह्याचे मोठे अधिकारी दियाओसाहेब पूर्वी विकत नेलेलं एक चित्र घेऊन घरी आले, ते भिंतीवर टांगलं आणि म्हणाले, "अगदी असंच एक माझ्या डोळ्यांदेखत काढा."

म्हाताऱ्यानं कुंचला बुडवला. डोंगराच्या अंगावर अंबाडीच्या धाग्यांसारख्या लांब, मऊ रेघा यायला हव्यात, तर तिथं जणू कोंबडी नाचून गेली. यिंगसूच्या मनात आलं, संपलं सगळं. आता गावभर छी-थू, सासऱ्यांना कचेरीत उभं करणार...

दियाओसाहेबांनी एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा कागदाकडं.

"हा तोतया आहे! खरे रुआन कुठं आहेत?"

"ते काय, शाई उगाळतायत," सासरे म्हणाले.

"मामंजी!"

"गप गं सूनबाई. का आणखी एक कोंबडी नाचवू?"

साहेब लालबुंद झाले. "तीन वर्षं मला फसवलंत? उद्याच्या उद्या कचेरीत..."

यिंगसूनं शाईची कांडी खाली ठेवली. ती भिंतीपाशी गेली. चित्राच्या वरच्या कोऱ्या जागेत साहेबांनी, रसिक मालक लिहितात तसा, स्वतःचा अभिप्राय लिहून खाली तळहाताएवढा तांबडा शिक्का मारला होता.

"साहेब, हे अक्षर आपलंच ना?" तिनं मोठ्यानं वाचलं, "'अशी रेघ सत्तरीच्या पुरुषालाच जमते. बाईमाणसाचं हे काम नव्हे.'"

साहेबांच्या चेहऱ्यावरची लाली उतरली.

"अकरा चित्रांवर लिहिलंय मी असं," साहेब पुटपुटले. "मेहुण्यादेखत तर राजधानीत सगळ्यांना वाचून दाखवलंय. आधीच टपलेला असतो तो माझ्यावर."

"मग हे कळल्यावर तो किती हसेल!" सासरे म्हणाले.

साहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, उठून स्वतः दार लावलं आणि परत येऊन बसले.

"कुंचला घ्या, बाई."

तिनं कुंचला बुडवला. पहिली रेघ मऊ उतरली, मग दुसरी, मग दरीत धुकं.

आणि साहेब जोरात शिंकले.