चौथं बटण

"चार नंबर आत आहे. तो आतच राहिला पाहिजे," बाबा म्हणाले.

फिटर गाडीत अर्धा शिरला होता. बाहेर फक्त त्याचे पाय होते. ते जागच्या जागी थांबले.

"काका, आत म्हणजे?"

"दाबलेला. बाकी काय काढायचं ते काढा. पण परत बसवाल तेव्हा चार नंबरचं बटण असंच पाहिजे."

"पण स्टिरिओ तर मेलाय."

"मेलाय ना? मग तुम्हाला काय फरक पडतो?"

पायांनी थोडा विचार केला. मग फिटर उलटा सरकत बाहेर आला आणि माझ्याकडे बघू लागला. बाबांपुढे अडलेली माणसं माझ्याकडेच बघतात. मी धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं, म्हणजे माझ्या भावानं, गाळ्याच्या छताकडे बघितलं. ही सगळी उठाठेव त्याची. दोन दिवसांनी तो दूरच्या नोकरीवर जाणार होता, आणि जाण्याआधी बाबांच्या गाडीत नवा स्टिरिओ बसवायचाच असं त्यानं मनावर घेतलं होतं. "एकटेच चालवतात, आणि गाडीत कुणी गेल्यासारखी शांतता," असं तो घरी बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली. कारण गेलंच होतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "दादा, त्याला धड सांग तरी. बिचारा गोंधळलाय."

"सांगण्यासारखं काही नाही," बाबा म्हणाले.

होतं.

दोन

दोन नंबर म्हणजे मी. दोनवर बातम्या लागतात, म्हणून हा भाग बातम्यांच्या आवाजात वाचावा.

आमच्या गाडीच्या स्टिरिओला पाच बटणं आहेत. झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखी, जाड, पिवळट. एक दाबलं की ते आत जाऊन बसतं आणि आधीचं टक्कन बाहेर येतं. आम्ही लहान असताना एका लांबच्या प्रवासात स्टिरिओतून धूर आला, करपल्याचा वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. धाकट्यानं भोकाड पसरलं. बाबांनी एक नंबर दाबला आणि आरशातून आत्याकडे पाहिलं.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, त्यामुळे खपवाखपवीची भाषा तिच्या कानावर भरपूर पडलेली. तिनं घसा साफ केला. "सादर आहे, आमच्या दादाच्या बुटांचा वास घालवणारी एकमेव पावडर. प्रत्येक डब्यावर एक चिमटा मोफत. नाकाला लावायला."

त्या दिवसापासून आमच्या गाडीतला स्टिरिओ म्हणजे आम्ही. एकवर आत्या, जाहिराती. दोनवर मी, घरच्या बातम्या. तीनवर धाकटा, रस्त्यावरच्या वाहनांचं समालोचन. पाचवर खुद्द बाबा. पाचवर नुसती खरखर लागायची आणि तिच्यानंतर एक गंभीर आवाज: "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत."

चारवर आई.

बटण दाबणार फक्त बाबा. ते एका मोठ्या इस्पितळात लिफ्टमन होते. तिथेही त्यांनी जन्मभर दुसऱ्या कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. "मजला सांगा, मी पोचवतो." वर जाताना लोकांचे चेहरे एक असत, खाली येताना दुसरे. बाबांना सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते एवढंच: मजल्याचा आकडा, आणि "पायाखाली बघा." घरी येऊनही ते फारसे बोलत नसत. जे काही बोलायचं ते गाडीत, पाच नंबरवर.

आता हवामान. मागच्या वर्षी आईला—

तीन

तीन नंबर दाबलेला नव्हता, त्यामुळे धाकटा गप्प होता. त्याच्या वतीनं समालोचन मीच करते.

फिटरनं सुरुवातीलाच मोठा फटका मारला. कपाटातून त्यानं चकचकीत पडद्याचा स्टिरिओ काढून लावून दाखवला, त्यावर निळे दिवे नाचत होते. बाबा म्हणाले, "निळं नको." फिटरनं लाल काढला. बाबा म्हणाले, "गाडी आहे, जत्रा नाही." आत्या गालातल्या गालात हसली. फिटर बॅकफूटवर.

आणि मग, श्रोतेहो, सामना फिरला. फिटरनं जुन्या स्टिरिओच्या काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. आत आकड्यांची पट्टी, तिच्यावर केसाएवढा बारीक काटा. त्यानं डावा नॉब फिरवला, उजवा फिरवला, आणि त्याचा चेहराच बदलला.

"हे तोंड मी बदलणारच नाही," तो म्हणाला. "आतडी तेवढी काढतो. नवीन मशीन छोटंसं असतं, याच नॉबांना जोडतो. स्पीकर जुन्या जाळीच्या मागे. काचेमागे पिवळा दिवा, पहिल्यासारखा मंद. बाहेरून आजोबा, आतून नातू."

"काटा हलेल?" बाबांनी विचारलं.

"हलवतो की."

"नॉब फिरवला की बोटाला थोडं अडकल्यासारखं लागायचं."

"लागेल, काका. मलाही ते आवडतं."

बाबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग चावी त्याच्या हातात दिली आणि आम्हाला घेऊन समोरच्या बाकावर जाऊन बसले. तिथे जागा भरपूर होती, पण त्यांना काही बसवेना. ते उठत, गाळ्याच्या दारापर्यंत जात, आत डोकावत आणि परत येत.

"एवढं काय त्या बटणात," धाकटा माझ्या कानाशी पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "माहितेय. माहितेय मला."

चार

आई शीळ घालायची. तिच्या माहेरी मुलींनी शीळ घातलेली खपत नसे, म्हणून ती घरात घालायची नाही, रस्त्यावर नाही, फक्त गाडीत. शीळ बारीक होती, वाऱ्यात हरवायची. म्हणून चार दाबला की बाबा काच वर करायचे आणि गाडी हळू घ्यायचे.

त्यांच्या लग्नाआधी आई कुणाला तरी भेटायला त्या इस्पितळात जायची, चौथ्या मजल्यावर. तेव्हाची लिफ्ट दांड्यावर चालायची; जेवढा ओढाल तेवढी पळायची. एकदा लिफ्टमध्ये दोघंच होते. आई दाराकडे तोंड करून, लिफ्टमन हा लिफ्टचाच एक भाग असावा तशी, हळूच शीळ घालत होती. त्या दिवशी चौथा मजला यायला फार वेळ लागला. हे आईनं सांगितलेलं. बाबांना विचारलं की म्हणतात, "दांडा जड झाला होता."

शेवटचं इस्पितळात जातानाही बाबांनी चार दाबला. आईनं दोन ओळी वाजवल्या आणि ती दमली. "उरलेलं येताना," म्हणाली.

बटण तेव्हापासून आत आहे. दुसरं कुठलंही दाबलं तर ते बाहेर येईल.

बटण नसलेला भाग

"झालं," फिटर दारात येऊन म्हणाला. "या, बघा."

गाडीत पिवळा उजेड होता. अगदी तोच, लहानपणी झोप लागताना दिसायचा तसला. काच स्वच्छ, नॉब जागेवर, नवं असं काहीही दिसत नव्हतं. फिटरनं उजवा नॉब फिरवला. काटा डुलत निघाला आणि जुन्या जाळीतून इतकं भरदार गाणं आलं की आत्यानं ठेका धरला.

"आणि काका, तुमचं ते चार नंबर," फिटर खुशीत म्हणाला. "जाम झालं होतं. तुटेल म्हणून तुम्ही घाबरत होतात ना? तेल घालून हळूच सोडवलं. आता पाचही मोकळी. ते माझ्याकडून."

पाच बटणं एका ओळीत होती. सारखी. सगळी बाहेर.

आत्याचा ठेका थांबला. मी गाणं बंद केलं. फिटर एकेकाचं तोंड बघायला लागला.

"मी दाबतो," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "बाबा, त्यात काय, परत आत घालतो," आणि त्यानं हात पुढे केला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. "बटण मी दाबतो."

पण दाबलं नाही. मग फिटरला म्हणाले, "काम सुरेख झालंय," आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, कारण त्यांना दुसऱ्या कुठल्या प्रकारे म्हणताच येत नाही.

आम्ही तिघं मागे दाटीवाटीनं बसलो. पुढची सीट वर्षभर रिकामीच असते. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. एवढ्या हौसेनं केलेली गोष्ट आपल्याच हातून बिघडली, असं त्याच्या मानेवर लिहिलेलं होतं.

सिग्नलला गाडी थांबली. बाबांनी स्टिअरिंगवरचा डावा हात उचलला आणि एक नंबर दाबला.

एक

आणि आरशात पाहिलं.

आत्याच्या लक्षात यायला सिग्नल सुटावा लागला.

"अगं बाई," ती म्हणाली. "मी? आता?" पदरानं नाक पुसलं, घसा साफ केला. "सादर आहे... थांब हं, सवय मोडलीय. सादर आहेत, घर सोडून लांब जाणाऱ्या मुलांसाठी खास मोजे. दोन दिवस धुतले नाहीत, तर आपोआप घरी फोन लावतात. आत्याच बोलते मग फोनवर. तासभर."

धाकट्याच्या नाकातून हसू फुटलं.

टक्. दोन.

"बातम्या," मी म्हणाले. आवाज थोडा कापला, पण निवेदिकेचा कापावा तितकाच. "आज एका फिटरनं सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलटं केलं. घटनेचा अद्याप कुणीही निषेध केलेला नाही. एका निवृत्त लिफ्टमननं मात्र काम सुरेख झाल्याचं म्हटलं असून, एवढं कौतुक माझ्या लग्नाच्या जेवणाच्या वाट्यालाही आलं नव्हतं, असं त्याच्या मुलीनं—"

टक्. तीन. बाबांना टीका मुळीच सहन होत नाही.

"आणि दुधाच्या टँकरनं मुसंडी मारलीय," धाकटा जवळजवळ ओरडलाच, "समोर स्कूटरवाले गृहस्थ, मागे कलिंगड बांधलेलं, कलिंगड डावीकडे झुकतंय, गृहस्थ उजवीकडे झुकतायत, काय हा समतोल, काय हा संसार!" तो बोलतच सुटला. दोन वाहतूक बेटं, एक बस आणि फुटपाथवरून शर्यत लावणारा एक कुत्रा, सगळं त्याच्या समालोचनात आलं. आत्या हसून हसून माझ्या अंगावर कोसळली. बाबांचे खांदे हलत होते.

दम लागल्यावर धाकटा म्हणाला, "बाबा, खरा स्टिरिओ पण आहे हो आता. लावणार ना? मी गेल्यावर?"

"लावीन की. पाहुणा आहे, आजच्या दिवस बसू दे."

मग रस्ता जरा मोकळा झाला. बाबांनी काच वर केली. गाडी हळू घेतली. आणि चार दाबला.

तिघंही सरळ होऊन बसलो. गाडीच्या आत इंजिनाची घरघर होती, पिवळा उजेड होता. मागच्यानं हॉर्न दिला. बाबांनी गाडी कडेला घेऊन त्याला जाऊ दिलं. त्याच्या मागच्यालाही. दोन ओळींनंतर जेवढं उरलं होतं तेवढा वेळ, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं जात राहिली.

पाच

टक्. चार बाहेर आला.

"खर्रर्र," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, नेहमीच्या गंभीर आवाजात, "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत."

त्यांनी काच खाली केली आणि गाडीचा वेग वाढवला.