लाल खडकाचं न फिटलेलं सुतक

१९६९ साली ॲडलेडच्या उत्तरेला, वाळवंटातल्या आमच्या लाल खडकावरून एक गोरा पाहुणा पडून मेला. माग काढण्यात टॉप्सी मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिलाच तो सापडला. आम्हा आदिवासींत माणूस गेलं की दुःख निवेपर्यंत ती जागा सोडतात, त्याचं नावही घेत नाहीत. मावशीनं खडकाखालचा आपला तळ त्याच दिवशी मोडला.

वर्षभरानं त्याची बायको आयलीन आली. मी विशीतली, दोघींमधली दुभाषी.

"केविन कुठं पडला ते दाखवा. मला तिथूनच चढायचंय."

"हिला म्हणावं, नाव घेऊ नकोस," मावशी म्हणाली. "आणि चढूही नकोस. घरात पाहुणा मेला की तोंड आपलं काळं होतं."

आयलीन हसली. "घर? विचार म्हातारीला, दार कुठंय?"

"उंबऱ्यावरच उभी आहेस की, बये!"

आयलीन चढलीच. ती सुखरूप उतरेपर्यंत मावशी दूर उन्हात बसून राहिली.

"वर नुसता वारा आहे," आयलीन म्हणाली, "पण दरवर्षी येईन."

आली. दरवर्षी खडकाशी उभी राहून नवऱ्याला नावानं मोठ्यानं हाका मारी. मावशीच्या लेखी तिथलं सुतक फिटेचना. तळ पुन्हा मांडायची आशा धरूनच ती तीनशे मैलांवरच्या दवाखान्यात वारली. त्यानंतर दोन वर्षांनी आयलीनही ॲडलेडला वारली.

मग मी एकदा खडकाकडे गेले. आयलीननं तिथं नवऱ्याच्या नावाची पितळी पाटी ठोकून घेतली होती. मी गाडीतून उतरले नाही, आणि पुन्हा कधी गेलेही नाही.