रिकामा तळहात

बर्लिनहून आलेल्या कुहूच्या पत्राला मी कितीतरी दिवस उत्तर दिलं नव्हतं. कुहू माझी नात. तिला मराठी समजतं, पण बोलते जर्मनमध्ये. हे पत्र मात्र तिनं मराठीत लिहिलं होतं, तिच्या लहानपणी मी गिरवून घेतलेल्या अक्षरात. पोलिसात तिची निवड झाली होती. नोकरीच्या अटीही कौतुकानं कळवल्या होत्या : आधी प्रशिक्षण, मग प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून घेण्याचा काळ, कामाच्या पाळ्या, संप कधीच करायचा नाही. ‘पुढे मी शाळांचं काम मागणार आहे. ओळखीचा पोलीस असला की मुलं भीत नाहीत.’ आणि शेवटी : ‘निघताना आईनं हातावर दही ठेवलं नाही. आजोबा, शपथविधीला तुम्ही याल? उत्तर आलं नाही, तर तुम्हालाही हे नको आहे असं समजेन.’

फोनवर मला ‘जेवलीस का’च्या पुढे सुचत नाही. लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य पुस्तकी वाटायचं. शिवाय कार्ल्सरूहेत मी राहतो ते तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, मालविकाकडे.

“बाबा, तुम्ही तिला काही लिहू नका हं,” मालविका म्हणाली होती. “पोलीस! गेनाऊ, अगदी एवढ्यासाठीच तर तिला व्हायोलिन शिकवलं!”

परवा राजवाड्यामागच्या बागेत, लिंडनच्या झाडाखाली, वाचता वाचता डोळा लागला. धुक्यात अर्धं बुडालेलं शाळेचं फाटक दिसलं. पाठीला दप्तर लावून मीच उभा होतो, एवढासा, आत जायला घाबरलेला. निळ्या गणवेशातली कुहू वाकली. तिनं हात पुढे केला. तळहात रिकामा होता.

जागा झालो तेव्हा उघड्या पानावर लिंडनची फुलं पडली होती.

घरी येऊन लिहिलं : ‘कुहू, मी येतो. शपथेला निघशील तेव्हा हातावर दही-साखर ठेवीन.’ आणखी एक वाक्य लिहिलं होतं, ते पुस्तकी वाटलं म्हणून खोडलं.

मालविकानं पाकिटावरचा पत्ता पाहिला. बराच वेळ एकच ताट पुसत राहिली.

“तिथलं दही विकत घेऊ नका. माझं लावलेलं न्या. आणि डबा सरळ धरा, ट्रेनमध्ये सांडतं.”

“तूच चल ना. तूच ठेव.”

“आल्झो, हे बघा बाबा, माझं नंतर बघू. आधी ते पत्र टाका. टपालपेटी उघडायची वेळ झाली.”

कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपाशी पाकीट एकदा उलटसुलट केलं, पत्ता पुन्हा वाचला, आणि आत सोडलं.