न केलेल्या पापाची क्षमा

पहाटे आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना झाल्याशिवाय मी कॉफीला शिवत नाही. लग्नापासूनचा नेम आहे.

त्या ऑगस्टात माझ्या नवऱ्याला, ओइवाला, शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तेव्हा आम्ही दोघं हसलो. रानातल्या ब्लूबेरीच्या दिवसांत इथे सगळ्यांचंच तसं होतं. मग ब्लूबेरी संपल्या, बर्फ पडला, तरी काळं ते काळंच. एक दिवस लाकडं फोडता फोडता तो कोसळला.

"रोज किती घेता?" आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने विचारलं.

"कॉफी?"

डॉक्टर हसला नाही. काळं म्हणजे पोटात रक्त वाहतंय, म्हणाला. रक्त चढवलं, वरून नळी घातली, खालून घातली, कुठून वाहतंय ते सापडलं नाही. संशय मात्र दारूवरच राहिला. तिथली नर्स आमच्याच मंडळीतली, त्यामुळे रविवारपर्यंत सगळ्यांना कळलं.

आमच्यात दारू हे पाप. ते कबूल केलं की मंडळीतली भावंडं खांद्यावर हात ठेवून क्षमा झाल्याचं सांगतात. त्यावाचून सुटका नाही. प्रार्थनाघरात आमच्या बाकावर कुणी बसेना. म्हातारे उपदेशक कालेर्वो सारखे घरी येत.

"ओइवाभाऊ, मन मोकळं कर. पोटसुद्धा साफ होईल."

"पोट साफच होतंय, कालेर्वोभाऊ. तेच तर दुखणं आहे."

नाताळाआधी पुन्हा रक्त चढवावं लागलं. "मी असाच गेलो तर तुला एकटीला टाकतील," असं म्हणून त्याने सगळ्यांसमोर न प्यालेली दारू कबूल केली. बायका रडल्या. कालेर्वोंनी त्याला मिठी मारली.

वसंतात औलू शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली. लहान आतड्यात रक्तवाहिन्यांचा गुंता दिसला, जन्मापासूनचा. असा क्वचितच सापडतो, असं सर्जनबाई म्हणाल्या. तेवढं आतडं कापलं आणि रक्त थांबलं.

मी कालेर्वोंना कॉफीला बोलावलं, सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी माफीचे दोन शब्द बोलतील.

"म्हणजे तू पीत नव्हतास?"

"थेंबसुद्धा नाही."

"मग मंडळीसमोर खोटं बोललास की! ओइवाभाऊ, त्याची क्षमा मागावी लागेल."

ओइवाने त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली. "मागतो. आधी तुम्ही सगळे माझ्याकडे मागा."

कालेर्वोंनी कप तसाच ठेवून टोपी चढवली. त्यानंतर कुणी आलं नाही.

रविवारी आता आम्ही घरीच असतो. नावं मी अजून घेते, नेम मोडलेला नाही. कालेर्वोंचं नाव ओठांवर येईपर्यंत कॉफी गार झालेली असते.