पाच मिनिटांची मेथी

सारजाने भाज्या सुकवायचं यंत्र घेतलं तेव्हा भवानीनगरात बरेच जण हसले. मीही हसलो असेन, आठवत नाही. यंत्र म्हणजे पत्र्याचं कपाट, आत जाळीचे ट्रे, खाली हीटर. सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, बारामती एमआयडीसीजवळ मेस चालवणाऱ्या मानसिंगने तिची सुकी मेथी घ्यायचं मनावर घेतलं. पण पुण्याच्या प्रदर्शनातून त्याने दुसरीही आणली होती, चंदेरी पाकिटातली, आधी गोठवून मग सुकवलेली. दोन्ही करून बघायच्या आणि चांगली लागेल ती वर्षभर घ्यायची, असं ठरलं. पाकिटावर इंग्रजी होतं म्हणून सारजाने मला बरोबर नेलं. वाचनालयात तीस वर्षं काढली, एवढीच माझी लायकी.

आम्ही पोचलो तोवर मेसच्या गोजरबाईंनी दोन्ही भाज्या शिजवून उतरवल्याही होत्या.

"रातीच भिजत घातल्या दोनी," त्या म्हणाल्या. "वाळवणाला रातीच पानी घालावं लागतं."

सारजाची मेथी काळपट आणि जरा चिवट होती, पण मेथी लागत होती. दुसरीचा नुसता लगदा झाला होता.

मानसिंग हसला. "सातशे रुपये किलोचा चिखल! आन् सारजाबाईंची एकशेवीस. ठरलं की मग."

सारजाचा चेहरा खुलला. तेवढ्यात मी पाकीट वाचलं. गरम पाणी घाला, पाच मिनिटं ठेवा, शिजवू नका. माझं इंग्रजी पुस्तकी, म्हणून पुन्हा वाचलं. तेच होतं. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्या दिवशी का जमलं नाही, ते सांगता येत नाही.

"ही तशी करायची नव्हती," मी म्हणालो आणि पाकिटावरचं मराठीत सांगितलं.

"तात्या, तुमी माज्याकडनं आलाय का पाकिटाकडनं?" सारजा म्हणाली.

"आता तात्या आमाला सैपाक शिकिवनार व्हय!" गोजरबाई म्हणाल्या.

मानसिंगने मात्र पुन्हा करायला लावली. पाच मिनिटांत पानं हिरवीगार फुलली. वरून लसणाची फोडणी दिली. आत्ताच खुडून आणल्यासारखी चव. गोजरबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

"चवीला हीच," मानसिंग म्हणाला. "पन किलोला भाजी दोनीची तेवढीच होती, आन् पैसा सहापट. मला परवडायची न्हाय." मग सारजाकडे बघून म्हणाला, "पन बाई, ही खाल्ल्यावर तुमची लईच काळी दिसाय लागली. सध्या दोन किलो द्या. रंग सुधारला तर वर्षाचं बोलू."

एसटीत सारजा खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिचं वर्षाचं काम दोन किलोवर आणलं होतं. माफी कशी मागावी याची वाक्यं मी जुळवत होतो, पण एकही धड होईना.

शेवटी तिनेच विचारलं, "त्या पाकिटातलीला आच लागतच न्हाय का?"

"फारशी नाही. गोठवूनच पाणी काढून घेतात, असं लिहिलंय."

"म्हंजी माजा हीटर लई तापतोय."

"असेल. मला त्यातलं कळत नाही."

"कळत न्हाय तर मगाशी कशाला बोललासा?"

भवानीनगर आलं. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "उद्या कमी आचंवर एक ट्रे लावते. परवा दुपारी खायला या तात्या. कडू झाली तरी खायची."