लिनक्सला चालणारं कार्ड

मुरलीधर दातारांना वस्तू चांगली लागायची आणि स्वस्तही लागायची. सरकारी नोकरी संपवून आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून नोएडाच्या फ्लॅटमध्ये आले, तरी ही खोड सुटली नाही. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं, तेही फुकट मिळतं म्हणूनच.

त्या कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या बायकोचं, शालिनीबाईंचं, वधू-वर मंडळ होतं. बावीस वर्षं दिल्लीतल्या मराठी घरांतली स्थळं त्यांनी एकहाती जमवली. कोणाची बदली कुठे झाली, कोणाच्या मुलीला मंगळ आहे, सगळं फॉर्मवरून स्वतः टाइप केलं. मग फॉर्म रद्दीत द्यायला लावले ते मुरलीधरांनीच. "अगं, डिस्कवर आहे ना सगळं? बिल्कुल काळजी करू नकोस."

यंदा ती डिस्क कुरकुरू लागली. मुरलीधरांनी नवी आणली. आता हवं होतं दोन्ही डिस्कवर एकच मजकूर ठेवणारं कंट्रोलर कार्ड, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. लिनक्सला चालणाऱ्या कार्डांची यादी खिशात घालून त्यांनी तीन शनिवार नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात खेटे घातले. यादीतली कार्डं पेन्शनीत बसेनात, आणि स्वस्तवाले विचारायचे, "लिनक्स? वो क्या है, अंकल?"

"अहो, महाग तर महाग, घेऊन टाका ना," शालिनीबाई म्हणाल्या. "नाहीतर आधी सगळं छापून तरी ठेवू."

"कशाला? कार्ड आपणच नक्कल करतं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

चौथ्या शनिवारी तळघरातल्या एका दुकानात यादीतलंच कार्ड पाव किमतीत मिळालं. डबा नव्हता, माहितीपुस्तिकाही नव्हती. नवी डिस्क धडधाकट, म्हणून मुरलीधरांनी तिला पहिल्या जागेवर जोडलं आणि जुनी दुसऱ्या. पडद्यावर कार्डाने विचारलं, जोडी लावू? त्यांनी हो म्हटलं. दोन तास दिवा लुकलुकत होता आणि हे समोर खुशीत बसून होते.

मग सीडीवरून लिनक्स सुरू केलं. त्याने कार्ड पहिल्या फटक्यात ओळखलं. दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या झाल्या होत्या. दोन्ही कोऱ्या. हे कार्ड पहिल्या जागेवरचं दुसरीवर उतरवायचं.

शालिनीबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "काहीच नाही?"

"काहीच नाही."

जुडी संपेपर्यंत त्या निवडत राहिल्या. मुरलीधरांना वाटलं, ही ओरडली तर बरं होईल. ती ओरडली नाही.

सकाळी मुनिरकाहून कोणा मुलीच्या आईचा फोन आला. "नाही हो," शालिनीबाई म्हणाल्या, "मंडळ बंद केलं मी. डोळे साथ देत नाहीत आता." त्यांचे डोळे ठणठणीत होते. स्थळांच्या बाबतीत बावीस वर्षांत त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या, आणि ते कोणासाठी हे दारात उभ्या मुरलीधरांना पुरतं कळलं. लाजेने त्यांना वर बघवेना.

फोन पुन्हा वाजला. शालिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही घ्या," एवढंच म्हणाल्या.

खरं सांगायचं असं ठरवूनच त्यांनी रिसीव्हर उचलला.

"हो, बंद झालं," ते म्हणाले. "ती दमली आता."